पत्रा कापण्यापूर्वी : अतिहलक्या विमानांच्या दोषनोंदी

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली की बोम्मसंद्रा लागते. आनेकल तालुक्यातील हे एके काळचे खेडे आज औद्योगिक वसाहत म्हणून ओळखले जाते, आणि ऑगस्ट २०२५ पासून शहराच्या मेट्रो रेल्वेचा पिवळा मार्गही येथपर्यंत येऊन पोहोचला आहे. वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवरून हिंडताना लेथ आणि पत्रा कापण्याची यंत्रे यांचा आवाज कानी पडतो. नळी वाकविणे, भोक अचूक पाडणे, धातूवर संरक्षक थर चढविणे ही कामे करून देणारी माणसे येथे सहज भेटतात.

अशा ठिकाणी वावरणाऱ्या एखाद्या कसबी माणसाच्या मनात, आपणही एक लहानसे विमान बांधावे, असा विचार आला तर त्यात नवल नाही. बंगळूर ही आपल्या देशातील विमानविद्येची राजधानीच होय. वालचंद हिराचंद यांनी १९४० साली येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. पुढे त्याच कारखान्यात, कोल्हापूरकडून आलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान तयार होऊन १९५१ मध्ये उडाले. १९५८ मध्ये ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे हलके विमान उडाले. १९५९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळाही येथेच आहे. तेव्हा या शहरात विमान बांधू इच्छिणाऱ्यास हत्यारे मिळतील, कारागीर मिळतील, आणि चार जाणत्या माणसांचा सल्लाही मिळेल.

परंतु एक वस्तू बाजारात विकत मिळत नाही. आपण जे विमान बांधणार, त्याच जातीची विमाने यापूर्वी कोठे कोठे, कशी आणि का पडली, त्यांचे कोणते भाग तडकले, कोणते बोल्ट सैल झाले, हा इतिहास तो होय. तो शोधून वाचावा लागतो, आणि तो वाचण्याची योग्य वेळ पहिला पत्रा कापण्यापूर्वीची असते. पंख तयार होऊन भिंतीला टेकून उभे राहिल्यानंतर माणसाचे मन त्यांच्यातील दोष ऐकून घेण्यास राजी नसते. दोन वर्षांचे श्रम आणि आयुष्याची पुंजी ज्या वस्तूत ओतली, तिच्याविषयी तटस्थ राहणे फार थोड्यांना साधते.

आता अतिहलके विमान म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एक किंवा दोन आसने, लहान इंजिन, आणि अगदी कमी वेगानेही हवेत तरंगू शकणारे पंख, ही त्याची लक्षणे. वजनाची मर्यादा देशोदेशी वेगळी आहे. अनेक देशांनी भारासह ४५० किलोग्रॅम ही मर्यादा मानली होती, ती अलीकडे काही ठिकाणी ६०० पर्यंत वाढविण्यात आली आहे. प्रवासी विमानाचा प्रत्येक नमुना सरकारी यंत्रणा वर्षानुवर्षे तपासते. अतिहलक्या विमानाच्या बाबतीत ही तपासणी पुष्कळच सौम्य असते. आणि विमान घरी बांधलेले असेल तर कारखान्याची देखरेखही नसते. म्हणजे कारखान्यात दहा माणसांनी वाटून घेतलेली जबाबदारी येथे एकट्या बांधणाऱ्याच्या शिरावर येते.

आकाशातील ऊ

घरी विमान बांधण्याची पहिली मोठी लाट युरोपात १९३४-३५ च्या सुमारास आली. हेन्री मिन्ये या फ्रेंच गृहस्थाने स्वतः बांधलेले एक चिमुकले विमान सप्टेंबर १९३३ मध्ये उडविले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बांधणीचे पुस्तक प्रसिद्ध केले. विमानाचे नाव त्याने मोठ्या गमतीने ‘पू-द्यु-सिएल’ म्हणजे ‘आकाशातील ऊ’ असे ठेविले होते. इंग्रजांनी त्याची ‘उडती पिसू’ केली. १९३५ साली पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले, त्याच वर्षी मिन्येने आपल्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, आणि शेकडो हौशी माणसांनी आपापल्या अंगणांत करवत आणि रंधा हाती घेतला.

या विमानाची रचना सर्वस्वी निराळी होती. एकापुढे एक असे दोन पंख, त्यांपैकी पुढचा पंख बिजागरीवर हलणारा. वैमानिकाने दांडा मागे ओढला की पुढच्या पंखाचा कोन वाढे आणि नाक वर येई. विमान वळविताना पंखांच्या टोकांकडील फळ्या हलवाव्या लागत नसत, कारण त्या नव्हत्याच. सर्व काम सुकाणूवर भागे. नवशिक्याला गोंधळात टाकणारे काही उरू नये, हा मिन्येचा हेतू होता आणि तो चांगला होता.

मग अपघात होऊ लागले. फ्रान्समध्ये आणि ब्रिटनमध्ये माणसे दगावली. पाहणाऱ्यांचे वर्णन पुष्कळदा सारखेच असे: विमान थोडेसे खाली झुकले, मग अधिक झुकले, आणि सरळ जमिनीत घुसले. वैमानिक अननुभवी होता, इंजिन दुबळे होते, बांधणीत हयगय झाली होती, अशी कारणे सांगितली गेली, आणि प्रत्येक अपघात वेगळा घेतला असता ती पटण्यासारखीही होती. सर्व अपघात शेजारी मांडून पाहिल्यावरच प्रश्नाचे स्वरूप पालटले. तेव्हा १९३६ मध्ये पूर्ण आकाराचे विमानच मोठ्या वातविवरात ठेवून तपासण्यात आले. फ्रान्समध्ये शाले-म्युदों येथे आणि इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे. वातविवर म्हणजे जिच्यात वस्तू स्थिर ठेवून तिच्यावर मोजक्या वेगाचा वारा सोडतात अशी मोठी नळी.

त्यातून निघाले ते असे. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले म्हणजे वैमानिक साहजिकच दांडा मागे ओढी. पुढच्या पंखाचा कोन वाढे, पण त्याच वेळी त्याची मागची कड मागच्या पंखाच्या जवळ येऊन दोहोंमध्ये एक अरुंद फट तयार होई. त्या फटीतून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे मागच्या पंखाचे उत्थापन बल वाढे. मागचा भाग उचलला गेला की नाक आणखी खाली जाणार, हे उघड आहे. म्हणजे वाचण्यासाठी माणूस जे करी, तेच त्याला खाली लोटत असे. कुशल वैमानिकालाही यातून सुटका नव्हती. ब्रिटनमध्ये या नमुन्याला परवाने देणे थांबले. मिन्येने पुढील नमुन्यांत सुधारणा केल्या आणि त्याच्या विमानांचे वंशज आजही उडतात. पण १९३५ च्या पुस्तकावरून विमान बांधणाऱ्याच्या हाती ती सुधारणा नव्हती.

या जुन्या हकिकतीवर मी जरा रेंगाळलो, कारण दोषनोंद कशी वाचावी याचे सारे धडे तिच्यात आहेत. एका अपघाताची नोंद ही एक बातमी असते. चार अपघातांत एकच चाल दिसू लागली म्हणजे ती माहिती होते. आणि आपल्या हातातील आराखडा दोष कळण्यापूर्वीचा आहे की नंतरचा, हे पाहिल्याशिवाय त्या माहितीचा उपयोग होत नाही.

फडफडणारा पंख

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. आपल्याकडील राष्ट्रीय छात्रसेनेच्या विमान शाखेतील ज्या विद्यार्थ्यांनी ‘झेन एअर’ या छोट्या विमानातून उड्डाण केले असेल, त्यांना क्रिस हाइन्झ या अभियंत्याचे नाव ठाऊक नसले तरी त्याची कृती ठाऊक आहे. छात्रसेनेचे ते विमान त्याच्या ‘सीएच ७०१’ या नमुन्याचे. उंच पंखांचे, मंद वेगाचे आणि दणकट असे ते आहे.

त्याच अभियंत्याचे ‘सीएच ६०१ एक्सएल’ हे दुसरे विमान: खाली बसविलेले पंख, दोन आसने, संपूर्ण ॲल्युमिनियमचे, भारासह सुमारे ६०० किलोग्रॅम. ते संचरूपाने मिळे, आराखड्यावरून बांधता येई आणि तयारही विकले जाई. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने या विमानाची उड्डाणे थांबवावीत अशी शिफारस केली. २००६ पासून या नमुन्याची सहा विमाने हवेतच मोडली होती आणि दहा माणसे मृत्यू पावली होती. युरोपातील काही देशांनी त्यापूर्वीच ती जमिनीवर उतरविली होती.

मंडळाचा संशय ‘फडफडी’वर होता. ही फडफड समजावून घेण्यासारखी आहे. वादळी वाऱ्यात छपराचा सुटलेला पत्रा कसा थडथडतो, ते आपण पाहिले आहे. पंखाच्या मागील कडेस, टोकाजवळ, बिजागरीवर हलणारी जी फळी असते तिला एलेरॉन म्हणतात. वाऱ्याच्या धक्क्याने पंख थोडा वर वाकला की एलेरॉन आपल्या जडत्वामुळे मागे रेंगाळतो आणि पंखाच्या मानाने खाली झुकतो. खाली झुकलेला एलेरॉन उत्थापन वाढवितो, म्हणजे पंखाला आणखी वर ढकलतो. पंख परत येऊ लागला की हेच उलट दिशेने घडते. कमी वेगात हवा हे आंदोलन शमविते. परंतु एका ठरावीक वेगापलीकडे प्रत्येक हेलकाव्याबरोबर वाऱ्याकडून अधिकाधिक शक्ती मिळत जाते, आणि काही क्षणांतच धातू फाटतो. यावर जुना उपाय असा की, एलेरॉनच्या बिजागरीपुढे एक वजन बसवून त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीवर आणावयाचा. मग तो रेंगाळत नाही. मूळच्या ६०१ एक्सएलमध्ये असे वजन नव्हते. एलेरॉनला जोडलेल्या तारा पुरेशा ताणलेल्या असतील तर फडफड होणार नाही, असे उत्पादकाचे म्हणणे होते. आणि तारा सैल पडतात, हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत असते.

नोव्हेंबर २००९ मध्ये आणखी एक विमान मोडल्यानंतर अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने पंख बळकट करणारे आणि एलेरॉनला समतोल वजन देणारे बदल केल्याखेरीज ही विमाने उडवू नयेत, अशी सूचना काढली. जानेवारी २०१० मधील त्याच्या अहवालात एकच एक मूळ कारण सापडल्याचे म्हटलेले नाही. पंखावरील भाराचा हिशेब, संरचनेचे बळ, फडफड, दांड्याचा हलकेपणा, वेगमापकातील चूक या सर्वांचा त्यात विचार आहे. शाळकरी वाचकाला असा निष्कर्ष कदाचित निराशाजनक वाटेल. पण अपघातांचे अन्वेषण बहुधा येथेच येऊन थांबते, आणि जो अहवाल फारच नीटनेटके एकमेव कारण सांगतो, तो मी दोनदा वाचतो.

बोम्मसंद्र्याच्या आपल्या कारागिराला यातून काय मिळते? समजा, त्याला कोणी अर्धवट बांधलेला संच स्वस्तात देऊ करतो. पंखांचे सांगाडे तयार आहेत, रिव्हेट सुबक मारलेले आहेत. अशा वेळी पहिला प्रश्न कामाच्या सुबकपणाचा नव्हे. संच कोणत्या वर्षीचा आणि आराखड्याची कोणती आवृत्ती वापरली, हा आहे. २००९ पूर्वीचे पंख कितीही सुबक असले तरी ते उकलून पुन्हा बांधावे लागतील. उलट, ६०१ एक्सएलच्या नोंदी वाचून त्याच अभियंत्याच्या ७०१ वर ठपका ठेवणेही चूक ठरेल. नोंद त्या विशिष्ट नमुन्याची असते.

बांधणाऱ्याने स्वतः आणलेला दोष

आतापर्यंतची उदाहरणे आराखड्यातील दोषांची होती. दोषाचा दुसरा प्रकार बांधणाऱ्याच्या हातून जन्मतो, आणि तो ओळखणे अधिक कठीण असते, कारण तो त्या जातीच्या इतर विमानांत नसतो.

अमेरिकन अभियंता बर्ट रुटान याचे ‘लाँग-ईझी’ हे विमान त्याच्या विलक्षण आकारामुळे सर्वांना ओळखता येते: शेपटी नाही, लहान पंख पुढे नाकाजवळ, मोठा पंख आणि इंजिन मागे. याच आराखड्यावर आधारलेले एक संशोधन-विमान बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८० नंतरच्या दशकात बांधून उडविले. काचतंतू आणि राळ यांच्या थरांनी विमान घडविण्याचे जे तंत्र प्रयोगशाळेने पुढे ‘हंस’ या विमानात वापरले, त्या वाटेवरील हा एक टप्पा होता.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असेच एक लाँग-ईझी समुद्रात कोसळले आणि त्यात प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांचा अंत झाला. विमान त्यांनी बांधलेले नव्हते, विकत घेतले होते. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची तोटी वैमानिकाच्या पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर आहे. या विमानाच्या बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसविली होती. तिच्यावर खुणा नव्हत्या आणि ती कडकही होती. उड्डाणापूर्वी डेन्व्हर यांनी अधिक इंधन घेतले नाही. हवेत टाकी बदलण्यासाठी अंग वळवून मागे हात न्यावा लागला, की उजवा पाय नकळत सुकाणूच्या पट्टीवर दाबला जाई. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या अहवालात वैमानिकाचे लक्ष विचलित होणे आणि सुकाणू अनवधानाने दाबले जाणे हे कारण आहे. त्याबरोबरच उड्डाणापूर्वीची अपुरी तयारी आणि तोटी अवघड जागी बसविण्याचा बांधणाऱ्याचा निर्णय यांचाही उल्लेख आहे.

तोटी पायांजवळ नको, इंधनाची नळी वैमानिकाच्या खोलीत नको, या विचारात चूक काढता येत नाही. जागा बदलल्यावर आसनावर बसून, पट्टे आवळून, हात तेथे पोहोचतो का आणि त्या वेळी पाय काय करतात, एवढे पाहिले असते तर बदलाची किंमत जमिनीवरच कळली असती.

लाँग-ईझीच्या कुळाची आणखी एक नोंद आपल्याकडील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. त्याच्या पुढच्या पंखाचा मूळचा छेद असा होता की, पावसाचे थेंब पृष्ठभागावर बसले म्हणजे त्यावरून वाहणारी हवा विस्कळीत होई आणि त्या पंखाचे उत्थापन घटे. परिणामी पावसात शिरताच नाक खाली जाऊ लागे आणि दांडा मागे धरून ठेवावा लागे. कोरड्या हवेत याचा मागमूस नसे. पुढे जॉन रॉन्झ याने त्या पंखासाठी नवा छेद तयार केला आणि हा दोष बव्हंशी गेला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात जे विमान वर्षाकाठी चार-दोन वेळा भिजेल, ते आमच्या आषाढात काय करील, हा प्रश्न तेथील कोणी आपल्यासाठी विचारून ठेवलेला नसतो.

आकडे आणि त्यांची फसवणूक

नोंदी वाचू लागले की पहिला मोह मोजण्याचा होतो. एका नमुन्याचे दहा अपघात, दुसऱ्याचे दोन. तर दुसरा बरा, असे वाटते. परंतु पहिल्याची हजार विमाने उडत असतील आणि दुसऱ्याची तीसच, तर हिशेब उलटतो. अपघातांची संख्या भागावयाची ती उड्डाणाच्या तासांनी, आणि घरी बांधलेल्या विमानांचे तास कोणी नीट मोजलेले नसतात. म्हणून येथे संख्येपेक्षा अपघाताची जात पाहणे शहाणपणाचे ठरते. उतरताना चाक वाकले, ही एक जात. पंख हवेत सुटला, ही दुसरी. पहिल्या जातीच्या वीस नोंदींनी मी घाबरणार नाही. दुसऱ्या जातीची एक नोंद असली तरी तिचा उलगडा होईपर्यंत हत्यार उचलणार नाही.

सर्व घरगुती विमाने मिळून काही आकडे मात्र उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हौशी बांधणीची विमाने तेथील सर्वसामान्य विमानांच्या ताफ्यात सुमारे १० टक्के होती; २०११ मधील अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. इंजिन व इंधनव्यवस्था बिघडणे आणि विमानावरील ताबा सुटणे ही मुख्य कारणे. पहिल्याच काही उड्डाणांत, तसेच विमान दुसऱ्या मालकाकडे गेल्यावर, धोका वाढलेला दिसला.

इंजिनाविषयी तर त्याचे निर्मातेच सावध करून ठेवतात. जगभर अतिहलक्या विमानांत बसविल्या गेलेल्या रोटॅक्स ५८२ या द्विधावी इंजिनाच्या पुस्तिकेत, हे इंजिन आपल्या रचनेमुळे अकस्मात बंद पडू शकते, असा स्पष्ट इशारा आहे. पुष्कळ खरेदीदार हे पान वकिली भाषा समजून उलटतात. वस्तुतः तीही एक दोषनोंदच आहे, आणि तिचा अर्थ सरळ आहे: ज्यावरून उडताना खाली उतरावयास मोकळे शेत दिसत नाही, अशा मार्गाने जाऊ नये.

आणि नोंदच नसेल तर? कांदिवलीत घराच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. ते अतिहलके नव्हे, पण मुद्दा स्पष्ट करते. अशा एकमेव विमानाला भाऊबंद नसतात, म्हणून इतिहासही नसतो. जे दुसऱ्याच्या विमानावरून शिकता आले असते, ते सारे येथे भारचाचण्यांनी आणि सावध उड्डाणांनी स्वतःच शोधावे लागते. कोऱ्या कागदाला निर्दोषपणाचा दाखला समजणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

बंगळूरचे विमान, ब्रिटनच्या नोंदी

बंगळूरमध्येच तयार होणाऱ्या एका अतिहलक्या विमानाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. जोएल कोश्लँ या फ्रेंच वैमानिकाने येथे उभारलेल्या ‘राजहंस’ या कारखान्याची ‘एक्स-एअर’ विमाने गेल्या शतकाच्या अखेरीपासून संचरूपाने परदेशी गेली. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा बोल्टांनी जोडलेला सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले पॉलिएस्टरचे कापड, अशी त्यांची साधी रचना. ब्रिटनमध्ये ती अतिहलक्या विमानांच्या ‘एस’ विभागाच्या नियमांखाली मान्य झाली. तेथे प्रत्येक मान्य नमुन्याचे माहितीपत्रक असते, सक्तीच्या सूचना वेगळ्या निघतात आणि तेथील विमान अपघात अन्वेषण विभाग लहानसहान अपघातांचेही वृत्तांत प्रसिद्ध करतो. त्यामुळे असा योग जुळून येतो की, बंगळूरच्या विमानाचा इतिहास वाचू पाहणाऱ्या बंगळूरच्या माणसाला ब्रिटनचे कागद उघडावे लागतात.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय उड्डाणयोग्यतेचे नियम करते, आणि २०१२ पासून अपघातांच्या चौकशीसाठी वेगळा विमान अपघात अन्वेषण विभाग आहे. त्याचे अहवाल कोणालाही वाचता येतात. लहान विमानांविषयीचे जे अहवाल तेथे असतील ते आधी वाचावेत, कारण त्यांतील धावपट्ट्या, ऊन आणि माणसे आपली आहेत.

परदेशी नोंद येथे लावताना ऊन आणि उंची यांचा हिशेब करावा लागतो, तो असा. बंगळूरची भूमी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब सपाटीच्या दाबाच्या सुमारे ९० टक्के असतो. त्यात एप्रिलच्या दुपारी तापमान ३३ अंश असले, तर हवेची घनता प्रमाण मानलेल्या घनतेपेक्षा सुमारे १५ टक्के कमी भरते. इंजिनाला हवा कमी, प्रोपेलरला पकड कमी आणि पंखांना आधार कमी, असे तिन्ही बाजूंनी नुकसान होते. इंग्लंडच्या थंड हवेत आणि सखल शेतात जे विमान दोन माणसांसह सहज उठते, त्याच्या नोंदीत उड्डाणाला धावपट्टी अपुरी पडल्याचा उल्लेख नसेल. तेवढ्यावरून ते आपल्या माळावरूनही सहज उठेल, असे समजू नये.

कापडाचेही तसेच. सूर्याच्या जंबुपार किरणांनी पॉलिएस्टरचा धागा वरून चांगला दिसत असताना आतून कमजोर होतो. ब्रिटनमध्ये यासाठी एक साधी परीक्षा रूढ आहे: स्प्रिंगच्या काट्याला जोडलेली सुई कापडात टोचून ठरावीक बलाने ओढतात, भोक फाटत गेले तर कापड बाद. तेथे हे कापड किती वर्षे टिकते, हा आकडा दक्षिण भारतातील उघड्या शेडखाली उभ्या असलेल्या विमानाला लागू पडणार नाही. येथे परीक्षा अधिक वेळा घ्यावी लागेल, आणि सुई त्या पंखाच्या वरच्या, उन्हाच्या बाजूलाच टोचावी लागेल.

आपल्या कारागिराने आतापर्यंत काय केले? त्याने एक जाड वही केली. प्रत्येक नोंदीसमोर विमानाचा नमुना, आराखड्याची आवृत्ती, इंजिन, बांधल्यापासूनचे तास, उड्डाणाचा टप्पा, काय मोडले, बांधणाऱ्याने मूळ आराखड्यात कोणता बदल केला होता, आणि उत्पादकाने त्यावर काय सुचविले, हे लिहिले. काही महिन्यांनी त्याच्या असे ध्यानात आले की, ज्या विमानावर त्याचे मन बसले होते, त्याच्या पुढील चाकाच्या आधाराविषयी पाच नोंदी एकाच भोकाजवळच्या तड्याकडे बोट दाखवितात. उत्पादकाला त्याने विचारले. तेथे जाड पट्टी बसविण्याचे सेवापत्रक निघालेले होते, पण त्याला देऊ केलेल्या संचात ती पट्टी नव्हती. ही हकिकत कल्पित आहे, परंतु असे पत्रव्यवहार रोज होतात.

ती पट्टी बोम्मसंद्र्यात एका दिवसात कापून मिळेल. मात्र तिचा धातू आराखड्यात सांगितलेल्याच प्रतीचा व कसाचा असला पाहिजे, आणि त्या प्रतीचा दाखला पत्र्याबरोबर मागून घ्यावा लागेल. दिसायला सारख्या दोन पत्र्यांपैकी एक दुसऱ्याच्या निम्म्या भारालाही वाकू शकतो, आणि डोळ्यांना हा फरक कळत नाही. दाखला वहीतच चिकटवावा. त्याच्या मागील पानापासून कारागिराच्या स्वतःच्या विमानाच्या नोंदी सुरू होतील: तारीख, तास, भाग, आढळलेला दोष, केलेला उपाय. त्यातील जी नोंद नवी असेल तिची एक प्रत उत्पादकाकडे आणि एक महासंचालनालयाकडे टपालाने जाईल.